चौरंगाची कड

माझ्या साडूंनी आजवरच्या आयुष्यात एकही निर्णय घेतलेला नाही. जे काही घडलं ते त्यांची वाट बघून कंटाळलं आणि आपापलं घडून गेलं. लग्न थोरल्या भावाने ठरवलं, नोकरी सरकारने लावली, मुलीचं नाव आत्याने ठेवलं आणि घराला रंग कोणता द्यायचा हे शेवटी रंगाऱ्याने ठरवलं, कारण त्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं. घर पिस्त्याच्या रंगाचं झालं. साडू अजूनही अंगणात उभे राहून भिंतीकडे बघतात आणि बदामी रंग बरा दिसला असता का, असं मला विचारतात. मी नंदुरबारात औषधाचं दुकान चालवतो. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून माझं डोकं पिकलेलं असतं, त्यात हे.

नोकरीत असताना ते मोजणी खात्यात आरेखक होते. शेतांचे, गावठाणांचे नकाशे शाईने काढायचं काम. कागदावर हा माणूस कधी अडला नाही. पट्टी न लावता अशी सरळ रेघ ओढायचे की साहेब लोक मागाहून पट्टी लावून बघायचे आणि पट्टी परत ठेवून द्यायचे. कागदावरून उठले की मात्र सगळा घोळ. बरीच वर्षं ते धडगावला होते. शनिवारी घरी यायचं म्हणजे स्टँडवर जीप भरत असायची. पुढे बसलं तर इंजिनाची धग, मागे बसलं तर घाटात पोट ढवळणार, मधे बसलं तर दोन्हीकडून शेजाऱ्यांची गाठोडी मांडीवर. हा विचार पुरता होईपर्यंत जीप निघून जायची. मग दुसरी भरायला लागायची आणि विचार पुन्हा पहिल्यापासून. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, शनिवारचा स्वयंपाक रविवारी सकाळी गरम करून वाढायची. तिने कधी भांडण काढल्याचं मला आठवत नाही. भांडायला समोरच्याचं काहीतरी ठाम मत लागतं.

निवृत्तीनंतर लोक फिरायला जातात, साडूंनी सुतारकाम धरलं. मागच्या पडवीत टेबल मांडलं, करवत, रंधा, पटाशी आणली. पहिलं स्टूल केलं तेव्हा खिळे मारावेत की स्क्रू, हे ठरेना म्हणून दोन्ही मारले. त्या स्टुलावर बसलं की कपडा कुठे ना कुठे अडकतोच. पण लाकूड कापण्यात, जोडण्यात त्यांचा जुना हात दिसायचा. सांध्यात सुई जायची नाही. हे बघूनच अक्काने एके दिवशी चौरंग मागितला, आणि आमच्या सगळ्यांच्या मागे साडेसाती लागली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, नैवेद्याचे रोट होतात, नारळाला नथ-डोळे लावून देवी चौरंगावर बसवतात आणि सोमवारी सकाळी त्या चौरंगासकट तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर नेतात. साडूंच्या घरात हा मान अक्काचा. त्यांचा जुना चौरंग कोणीतरी नुसत्या करवतीने कापून खिळे ठोकलेला. दोन्ही हातांनी त्याची कड धरून एवढं चालायचं तर कड बोटांत रुतते. सोमवारी दुपारी अक्काच्या बोटांवर लाल वळ असतात आणि ती त्याच बोटांनी सगळ्यांना वाढत असते. तिचं मागणं एवढंच होतं, की नवीन चौरंग करा, तुमच्या हातचा, आणि त्याची कड गोल करा.

साडूंनी चांगलं सागवान मिळवलं. फळी, चार पाय, खालच्या पट्ट्या, सगळं महिन्याभरात उभं राहिलं. मी जाऊन बघून आलो, खरंच देखणं काम होतं. राहिली होती फक्त कड. आणि तिथे पृथ्वी थांबली. कड गोल करायला यंत्र हवं, आणि अशी यंत्रं दोन. एक राऊटर, एक ट्रिमर. काम दोघांचं एकच, गरगर फिरणाऱ्या पात्याने लाकडाची कड घडवणं, खाचा पाडणं. राऊटर मोठा, वजनदार, दोन मुठींचा, तो दोन्ही हातांनी धरून चालवायचा. ट्रिमर लहान, एका हातात मावणारा, पण ताकदीने कमी. एवढ्या माहितीवर कुठलाही माणूस दुकानात जाऊन यंत्र घेऊन येतो. साडूंनी मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. हिंदी संपले, मराठी संपले, मग असे सुरू झाले की ज्यातलं बोलणं कुठल्या देशाचं आहे हेही आम्हाला कळायचं नाही. दुपारी जेवताना फोन यायचा, ठरलं, ट्रिमर. मी अभिनंदन करायचो. संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर स्वतः हजर. पुढे कधी मोठं काम काढलं तर ट्रिमर पुरेल का? मी म्हणायचो, मग राऊटर घ्या. मग म्हणायचे, पण एवढ्याशा कडेला राऊटर म्हणजे फारच होतं.

मशिनरीच्या दुकानातले सेठ मूळचे गुजरातचे, गोड बोलणारे. आधी ते चहा मागवायचे. नंतर नंतर साडू कोपऱ्यावर दिसले की ते गोदामात काहीतरी शोधायला जायचे. मग साडू सुरतेला गेले. तिथे मोठी दुकानं आहेत, दोन्ही यंत्रं हाताळून बघतो म्हणाले. रात्रीच्या गाडीने परतले ते घारी या तिथल्या मिठाईची खोकी घेऊन, एक साधी आणि एक पिस्त्याची. मी म्हटलं, घारी दोन्ही घेतल्या तशी यंत्रंही दोन्ही घ्या, मिटवा एकदाचं. यावर ते म्हणाले, दोन्ही घेतली तर आधी कोणतं वापरायचं? मी हात टेकले.

मग तुरीच्या डाळीचं प्रकरण. नवापूरहून वर्षाची डाळ आली होती. साडूंनी एका पिशवीत राऊटरच्या वजनाची डाळ भरली, दुसरीत ट्रिमरच्या वजनाची, आणि आठवडाभर घरात या पिशव्या धरून फिरत होते. कधी एक उजव्या हातात, कधी दुसरी, कधी मोठी दोन्ही हातांत धरून टेबलाच्या कडेकडेने. कुठली हाताला सोसते ते बघतोय म्हणाले. शेवटी अक्काने एका दुपारी लहान पिशवीचं वरण केलं आणि प्रश्न अर्धा सोडवला. साडूंनी दुसरी भरली.

यात दोन श्रावण गेले. दोन्ही वेळा देवी जुन्या चौरंगावर बसली आणि नवा चौरंग पडवीत चादरीखाली तयार उभा होता. मी अक्काला म्हटलं, तू तरी रागाव. ती ताक घुसळत होती, थांबली नाही. म्हणाली, "मी मशीन थोडंच मांगं व्हतं? कड गोल करी द्या, इतलंच सांगं व्हतं." मला त्या दिवशी साडूंचा मनापासून राग आला. काचकागद घेऊन दोन दिवस घासलं असतं तरी त्या बाईची बोटं वाचली असती. मी तसं त्यांना सांगितलंही. त्यांनी नुसता उजवा हात खिशात घातला.

यंदा नागपंचमीच्या आधी मी ठरवलं की आता या माणसाला मोकळं सोडायचं नाही. दुकान बायकोच्या हवाली केलं, साडूंना स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट सेठांसमोर नेऊन उभं केलं. गोदामात जायला सेठांना वेळच मिळाला नाही. मी म्हटलं, दोन्ही यंत्रं काउंटरवर ठेवा, आज एक घेतल्याशिवाय आम्ही हलत नाही. सेठ म्हणाले, "बेसो साहेब, आधी हातमा तो लो." त्यांनी एक फळी आडवी टाकली आणि तिच्यावर ट्रिमर ठेवला.

साडूंचा हात खिशातून निघेना. मी मागून ढोसलं तेव्हा निघाला. त्यांनी ट्रिमर धरला आणि फळीवर टेकवला, आणि टकटकटक असा आवाज यायला लागला. मी बटणाकडे बघितलं. बटण बंद होतं. वायर गुंडाळलेली, पिन काउंटरवर लोळत पडलेली. तरी ते यंत्र फळीवर वाजत होतं, आणि साडू त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं बघत होते. सेठांनी अगदी हळू हात पुढे करून ट्रिमर त्यांच्या हातातून घेतला आणि उगाच फडक्याने पुसत बसले.

समोरच्या टपरीवर आम्ही बसलो. चहाचा ग्लास साडूंनी उचललाच नाही, तसाच बाकावर ठेवला. मग खाली बघत बोलले. "ट्रिमरले एकच हात लागस. मन्हा हात आते मन्हं ऐकत नही. राऊटरले दोन हात लागतस, तर दुसरा बी पहिलासारखाच व्हई ऱ्हायना." दोन वर्षं झाली म्हणाले. सुरतेला गेले होते ते खरं तर तिथल्या डॉक्टरकडे. कंपवात आहे, वाढत जाईल असं डॉक्टरने सांगितलं होतं. गोळ्या ते धानोऱ्याहून आणत होते. माझं दुकान त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि हा माणूस औषधासाठी एसटीने धानोऱ्याला जात होता. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "तुले समजनं का तुन्हा बायकोले समजस, अन् तिन्हापाईन मन्हा बायकोले." ते अगदी खरं होतं.

त्या गोळ्या मी रोज विकतो. कोण घेतं, किती दिवसांनी डोस वाढतो, हे मला पाठ आहे. तिथे बाकावर बसून मला ते सगळं एकदम आठवलं आणि फार वाईट वाटलं. पट्टी न लावता रेघ ओढणारा हात तो. दोन वर्षं मी ज्याला घोळ म्हणून हसत होतो, लोकांना रंगवून सांगत होतो, त्या काळात हा माणूस डाळीच्या पिशव्या धरून आपला कोणता हात किती उरलाय ते बघत होता. आणि ठरवलं असतं तर काम करावं लागलं असतं. काम केलं असतं तर ते हात अक्काला दिसले असते.

मी उठून सेठांच्या दुकानात गेलो आणि राऊटर घेऊन बाहेर आलो. आयुष्यात मी खिळासुद्धा नीट ठोकलेला नाही, पण त्याला दोन मुठी होत्या एवढं मला कळत होतं. घरी जाऊन आम्ही चौरंग उलटा करून टेबलाला शिकंज्यात पक्का आवळला. पातं साडूंनी सांगितलं तसं मी बसवलं, आणि तीनदा बसवलं, कारण त्यांचा विश्वास बसेना. आमची खुडबूड ऐकून अक्का पदराला हात पुसत पडवीत आली. राऊटरची एक मूठ त्यांच्या हातात, एक माझ्या हातात, हे तिने बघितलं. ती सरळ भिंतीवरच्या बटणापाशी जाऊन उभी राहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गेलं वर्षभर ती साडूंना चहा अर्धाच कप देते. मी समजत होतो साखर वाढू नये म्हणून; तो हातातून सांडू नये म्हणून होता.

तिने बटण दाबलं आणि माझी गाळण उडाली. काय ती गुरगुर, आणि कोपरापर्यंत मुंग्या. माझे दोन्ही हात लटलट कापायला लागले. मी ओरडून साडूंना सांगितलं की माझा हात फार थरथरतोय, सोडतो मी. ते माझ्याकडे न बघता, कडेवर नजर ठेवून म्हणाले, "मशीन चालू व्हयनं का सगळासनाच हात थरथरतस. तू नुसता दाबी धर, नेवानं काम मन्हं." मग मी नुसता दाबून धरला आणि त्यांनी नेला. कुठे थांबायचं, कुठे सरकायचं, हे ते इतकं ठाम सांगत होते की मला वाटलं हा माणूस दुसराच कोणीतरी आहे. एकदाही त्यांनी विचार बदलला नाही. तीन बाजू सुरेख आल्या. चौथीवर एका ठिकाणी मी घाबरून ओढलं, तिथे खळगा पडला. अक्काने त्यावरून बोट फिरवलं आणि हा पाव्हण्याचा का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं.

रविवारी देवी त्याच्यावर बसली. सोमवारी सकाळी अक्काने चौरंग डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी कड धरली आणि निघाली. साडू तिच्या बाजूने चालत होते, हात खिशात न घालता. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होते ते हात. पाण्यावरून परत आल्यावर बायका चुली पेटवायला लागल्या, आणि अक्काने येऊन, कोणी मागितले नसताना, आपले दोन्ही तळवे त्यांच्यासमोर धरले. बोटांवर काही नव्हतं. साडूंनी ते नीट बघितले, नकाशा तपासावा तसे, आणि मान हलवली.

दुपारी मी निघालो तेव्हा ते रिकामा चौरंग मांडीवर घेऊन पडवीत बसले होते. म्हणाले, पॉलिश राहिलंय. लाखेचं करावं की नुसतं तेल द्यावं? लाखेने चकाकी येते, पण पाणी लागलं तर डाग. तेल बरं, पण ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. मी चपला घालता घालता थांबलो. एरवी मी वैतागून काहीतरी एक सांगून टाकलं असतं. त्यांचा अंगठा त्या गोल कडेवर थरथरत फिरत होता, थांबत नव्हता. मी चपला काढून त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, घाई काय आहे, सावकाश ठरवा.