पांथरीचं बाळंतपण

त्या काळात माझ्या अंगाला नुसतं बोट लागलं तरी काळानिळा डाग उठायचा. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. नवरा लूमच्या खात्यात कापड विणायच्या कामाला, मी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची आणि सासू गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतल्या आमच्या खोलीत बसून नातवाची वाट बघायची. मुकाट्याने बघत नव्हती, एवढंच. लग्नाला वर्षं होत गेली तशी तिची जीभ धारदार होत गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, रक्त गोठवणारे कण तुमच्या पोटातली पांथरीच, म्हणजे प्लीहाच, खाऊन टाकते. ती काढू, कण वाढू देत, मग मुलाचं बघा. तोवर घेतलेल्या गोळ्यांनी माझं तोंड सुजून भोपळा झालं होतं. मी म्हटलं, काढा एकदाची.

ऑपरेशन दुर्बिणीने झालं. पोटावर नुसती बारीक भोकं. घरी पाठवताना डॉक्टरांनी नवऱ्याला बजावलं होतं, हिला चालती-फिरती ठेवा, पाणी भरपूर द्या, पोट दुखलं किंवा ताप आला तर लगेच आणा. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेला. घरात राज्य सासूचं. तिच्या हिशेबात बाईच्या पोटातून काही बाहेर निघालं म्हणजे ते बाळंतपणच.

मग काय, खाटेखाली शेगडी आली. कान बांधले गेले. जुन्या लुगड्याच्या फडक्याने पोट आवळलं गेलं. गार पाण्याचं नाव काढायचं नाही, ओव्याचं कोमट पाणी तेही घोटभर. डिंकाचे लाडू झाले. शेजारणी दारातून डोकावून हसायच्या, "बाळंतीण तर दिसते, पाळणा कुठंय?" मी उठायला लागले की सासू खांदा धरून निजवायची.

"पडी राय. मी शे ना!"

तिच्या तोंडून 'मी आहे ना' मी पहिल्यांदाच ऐकत होते. सून म्हणून आल्यापासून त्या घरात मला कुणी 'पड जरा' म्हटलं नव्हतं. इतकी दमले होते मी, की शेगडीचा धूरसुद्धा गोड लागत होता.

मग पोटात कळ सुरू झाली. वरच्या बाजूला, खोल, जेवलं की वाढणारी. अंग कोमट झालं. सासूकडे उत्तर तयारच होतं. बाळंतिणीच्या पोटात गोळा फिरतो, तो बाळाला शोधतो, हे तिच्या आईने तिला सांगितलेलं.

"पोटमा गोया फिरस. जे गयं, त्याले धुंडस," असं म्हणून तिने फडकं आणखी आवळलं.

मला ते खरं वाटत नव्हतं. पण भांडायला अंगात ताकद नव्हती आणि खरं सांगायचं तर ते लाड सोडवतही नव्हते. एका दुपारी हिरवं ओकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा नवऱ्याने रिक्षा बोलावली.

सोनोग्राफीत दिसलं, यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. पांथरी काढल्यावर कण एकदम वाढतात, अशी गुठळी होऊ शकते, डॉक्टर म्हणाले. मग पोटाकडे बघून ओरडले, "बेन, ये पट्टा किसने बांधा? इतने दिन दर्द सहा क्यों? आँत सड़ जाती तो?"

सासू दाराशी उभी होती. तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, "मैंने ही बांधा."

सुया टोचून टोचून पोट हिरवंजांभळं झालं. कळ हळूहळू उतरली. घरी सोडताना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, या चालू असेपर्यंत दिवस राहता कामा नयेत, बाळाला धोका असतो. किती दिवस चालतील? बघू, म्हणाले. ज्यासाठी पोटाला भोकं पाडून घेतली, तेच लांब गेलं. मला रडूही आलं नाही. आता सासूचं तोंड सुटणार, या विचारानेच शीण आला.

घरी आलो तर शेजारीण हजर. "आता तरी बातमी देशील ना गं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूने तिला उभ्या उभ्या झापलं, "तिना जीव वाचना, तेच मोठं शे! नातूबितू काही नको माले."

मूल पुढेही झालं नाही. सासूने मरेपर्यंत तो विषय काढला नाही.