पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातला डाग

आमच्या अकोल्याच्या घरात सपाट पडद्याचा टीव्ही आला, तेव्हा त्याच्यासोबतची पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? जुन्या डबा टीव्हीची काच माझी बायको ओल्या फडक्याने पुसायची आणि वरून वर्तमानपत्राचा बोळा फिरवायची. आता ते चालणार नव्हतं. मी तिला समोर बसवून नियम सांगितले. आधी टीव्ही बंद करून प्लग काढायचा आणि पडदा थंड होऊ द्यायचा. मऊ, कोरडं फडकं हलक्या हाताने फिरवायचं, दाबायचं नाही. एखादा डाग निघालाच नाही तर फडक्याला साध्या पाण्याचा नुसता ओलावा. पडद्यावर थेट काही फवारायचं नाही, कारण ओघळ कडेतून आत उतरतो. काचा पुसायचं औषध, स्पिरिट, कागद, यांतलं काहीही नको.

"टीव्ही हाये का जावई?" ती म्हणाली. "त्याले थंड होऊ द्याचं म्हने. मले तर कधी टेकू देलं नाई तुमी."

मी हसलो नाही. पडदा मीच पुसणार, तू हात लावू नकोस, असं सांगून टाकलं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला तिने नेहमीसारखी शिलाई मशीनला, मिक्सरला, माझ्या स्कूटरला हळदकुंकवाची बोटं लावली. टीव्हीलाही लावली, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, ओल्या बोटाने. संध्याकाळी लुगड्याच्या ओल्या तुकड्याने पुसूनही टाकली. मला कळलं तेव्हा मी तिला शेजारणीसमोर अडाणी म्हणालो. पुढच्या दसऱ्याला तिने सगळ्या वस्तूंची पूजा केली, टीव्ही तेवढा वगळला.

कोपऱ्यात कुंकवाची गुलाबी झाक राहिली आहे, असं मला वाटत राहायचं. दर रविवारी ती बाजारात गेली की मी चष्मा पुसायच्या द्रवाचे चार थेंब फडक्यावर घेऊन तो कोपरा घासायचो. भिंगाला चालतं ते पडद्याला चालणारच, याबद्दल मला शंका नव्हती. काही महिन्यांनी तिथे तळहाताएवढा पांढुरका डाग उमटला. त्याच्यामागचं चित्र धुकं पडल्यासारखं दिसायचं.

"माया हात त्या दिवसापासून लागलाच नाई त्याले," ती म्हणाली.

"तुझ्याच ओल्या फडक्याने झालं आहे हे."

ती दोनतीनदा नाही म्हणाली. मग म्हणायची थांबली.

तिचं माहेर अचलपूरकडचं, संत्र्याच्या बगीच्याचं. झाडं तिच्या वडिलांनी लावलेली. त्या वर्षी तिकडच्या विहिरी आटल्या होत्या आणि लोक उभे बगीचे तोडून लाकडं विकत होते. तिच्या भावानेही, म्हणजे माझ्या साळ्याने, तोडायचं ठरवलं. तोडणीच्या आदल्या दिवशी बातमीवाले त्यांच्या गावात येऊन गेले. शेजारच्या बाईला त्यांनी आमच्या साळ्याच्याच बांधावर उभं करून बोलतं केलं होतं. ती बातमी लागणार त्या दिवशी साळा आमच्याकडे आला. तोवर झाडं पडली होती.

"बाईच्या मांगं पूर्ण बगीचा दिसते पाह्य," तो बहिणीला म्हणाला. "बाबाचे झाडं. पाहून घे."

ती स्वयंपाक टाकून पदराला हात पुसत आली आणि जमिनीवर अगदी पुढे बसली. बातमी लागली. ती बाई पडद्यावर आली नेमकी उजव्या बाजूला, तिचा अर्धा चेहरा डागात. मी उठलो आणि पडद्यासमोर उभा राहून डागावर बोट ठेवलं. "हे बघा, तुमच्या बहिणीचं काम. एवढं समजावून सांगितलं, तरी."

"भाऊजी, सरका ना बाजूले," साळा म्हणाला.

"नाही, पण बघा तरी किती पसरलाय."

मी वळलो तोवर जाहिरात लागली होती. ती तशीच बसून होती. थोड्या वेळाने म्हणाली, "भाजी लागली असन," आणि आत गेली. ती बातमी पुन्हा आमच्या नजरेस पडली नाही. बगीच्याचा एकही फोटो कोणाकडे नव्हता.

दोन वर्षांनी अमरावतीच्या दवाखान्यात ती गेली. घरात मी एकटा उरलो. रविवारी पडदा पुसायचा क्रम मी सोडला नाही. उजवा कोपरा गेलाच होता, म्हणून बाकीचा भाग त्याच द्रवाने जास्त जपून पुसत होतो. सातव्या-आठव्या महिन्यात मधोमध दुसरा डाग उमटला, तसाच पांढुरका. त्या टीव्हीला आता हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं. मी चष्म्याच्या द्रवाची बाटली भिंगाखाली धरली. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, आत अल्कोहोल, म्हणजे स्पिरिटच, असल्याचं लिहिलं होतं. पुस्तिका मी दोनदा वाचली होती. बाटली एकदाही नाही.

वर्षश्राद्धाला साळा आला, घरची तूरडाळ घेऊन. जेवणं झाल्यावर मी त्याला दोन्ही डाग दाखवले, बाटली दाखवली आणि म्हणालो, "पहिलाही मीच पाडला होता."

त्याने बाटली हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

"मंजे तिनं खरंच सांगतलं होतं."

"हो."

"हे तिच्यासमोर बोलाले पाह्यजे होतं, भाऊजी. मले सांगून आता काय होते?" मग अंगणात चपला घालताना तो न वळता म्हणाला, "डागाचं जाऊ द्या. ते झाडं तिले पाहाचे होते. तुमी सरकले नाई."

त्याची एसटी साडेतीनची होती. मी स्टँडपर्यंत येतो म्हणालो. तो नको म्हणाला.