होयबा आणि दुसरी खुर्ची

त्याला सगळे होयबा म्हणत आणि त्यालाही ते नाव चालायचं. न चालून सांगतो कोणाला? नाव आवडत नाही असं सांगायचं म्हणजे कोणाला तरी आधी नाही म्हणायला हवं, आणि नेमकं तेच त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. समोर भिंतभर आरसा, मागे गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक, बाकावर चुरगळलेलं वर्तमानपत्र. सलूनमध्ये माणसं एकमेकांकडे बघून बोलत नाहीत, आरशात बघून बोलतात. बोलणाऱ्याला वाटतं आपण आपल्याशीच बोलतोय, मग सासू, साहेब, सरकार, सगळ्यांचा उद्धार होतो. होयबा सगळ्यांच्या होला हो करायचा. महागाईनं कंबरडं मोडलं म्हणणाऱ्याला हो, आणि महागाई काय जगभर आहे, सरकार बिचारं काय करणार, असं म्हणणाऱ्यालाही हो. असे दोघं एकदमच आले तरी तो दोघांची री ओढायचा आणि दोघंही खूश होऊन घरी जायचे.

यात लबाडी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. ज्या उस्तादाकडे तो काम शिकला, त्यानं पहिल्याच महिन्यात बजावलं होतं की गिऱ्हाइकाची मान आपल्या हातात असते, तेव्हा वाद घालायचा नाही. होयबानं तरुणपणाच्या मस्तीत ते ऐकलं नाही. एका गिऱ्हाइकाला दाढी करता करता म्हणाला, साहेब, हे काही मला पटत नाही. साहेब तावातावानं वळले आणि वस्तरा गालात गेला. रक्त थांबेस्तोवर होयबा गालावर तुरटी दाबून उभा होता. चिडलेल्या माणसाचा जबडा हलतो, एवढा धडा तो शिकला आणि पुढे जन्मभर कोणाचा जबडा हलू दिला नाही. सवय इतकी मुरली की घरीही तेच. त्याची बायको म्हणायची, तुमच्याशी भांडण्यात मजा नाही, भिंतीशी भांडलेलं परवडलं.

दुसऱ्या खुर्चीवर धाकटा. हा काही त्याचा भाऊ नव्हे. दूरच्या प्रांतातून एक पिशवी घेऊन आलेला पोरगा, भाषा धड येत नव्हती, ‘दादा, काम?’ एवढंच बोलला होता. होयबा हो म्हणाला, हे काय वेगळं सांगायला हवं! आधी पोरानं केस झाडले, मग कात्री धरली, मग बघता बघता दुसरी खुर्ची त्याची झाली. लहान मुलं त्याच्याकडे रडत नसत, म्हणून आया पोरांना घेऊन त्याचीच खुर्ची रिकामी होण्याची वाट बघत बसायच्या. त्याचं लग्न झालं, इथेच मुलगी झाली. तिला सगळे चिमणी म्हणायचे. शाळा सुटली की ती बापाचा डबा घेऊन यायची, बाकावर बसून वर्तमानपत्रातले मोठे मथळे मोठ्यानं वाचायची, आणि होयबाला काका म्हणायची. होयबाला मूलबाळ नव्हतं. ती आली की त्याचा हात हलका चालायचा, हे गिऱ्हाइकांच्यासुद्धा लक्षात आलं होतं.

तर अशात देशाची निवडणूक आली. बाजारात झेंडे लागले, दिवसभर भोंगे कोकलू लागले. कोणी नोकऱ्या देणार होतं, कोणी दवाखान्यात डॉक्टर आणणार होतं, कोणी भाव खाली उतरवणार होतं. सलूनमध्ये सुरुवातीला हेच बोलणं चालायचं. पण दोन-तीन आठवड्यांत बोलण्याचा रोख बदलला. डॉक्टर, भाव, नोकऱ्या मागे पडल्या आणि बाहेरून आलेली माणसं पुढे आली. सगळं यांच्यामुळे झालं, असं एकानं म्हटलं की दुसरा त्यात भर घालायचा. धाकट्याच्या खुर्चीवर बसलेली माणसंदेखील धाकट्याच्याच हातून दाढी करून घेत हे बोलायची, आणि वर म्हणायची, तुझं सोड रे, तू आमचाच आहेस. धाकटा फेस फेटत राहायचा. यंदा पहिल्यांदाच त्याचं नाव इथल्या मतदारयादीत लागलं होतं. आधी त्याचं त्याला केवढं कौतुक होतं! आता तो त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता.

रोजच्या गिऱ्हाइकांत एक मुकादम होता. दोरखंडाच्या कारखान्यात त्यानं उभं आयुष्य घालवलं होतं. मालकानं जुनी माणसं काढली आणि बाहेरची माणसं निम्म्या पगारात लावली, त्यात मुकादमाची नोकरी गेली. मुलगाही घरीच बसून होता. माणूस वाईट नव्हता, दुखावलेला होता. मालकाचं त्याला काही करता येत नव्हतं, म्हणून सगळा राग जो समोर दिसे त्याच्यावर निघायचा. त्या दुपारी होयबा त्याची दाढी करत होता. वस्तरा गळ्याच्या घाटीशी आला होता, आणि मुकादम आरशातून धाकट्याकडे बघत होता.

‘‘ही सगळी माणसं गेली पाहिजेत,’’ मुकादम म्हणाला. ‘‘त्याशिवाय आपल्या पोरांना काम मिळायचं नाही.’’

‘‘हो, बरोबर आहे,’’ होयबा म्हणाला.

‘‘नुसतं बरोबर नको. तुमच्याकडचा हा? याचं काय?’’

मुकादमाचा गळा ताठ झाला होता, शीर उडताना दिसत होती. होयबानं नेहमीसारखं, हसत, विचार न करता म्हटलं, ‘‘त्यालाही जावं लागेलच की. एकदा निवडणूक होऊ द्या, मग बघू.’’

गळा सैल पडला. वस्तरा घाटीवरून नीट खाली उतरला. होयबानं तो फडक्याला पुसला, वर पाहिलं, तर आरशात बाकावर चिमणी बसलेली दिसली. मांडीवर डबा होता. ती कधी आली हे त्याला कळलंच नव्हतं. ती मथळे वाचत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावताना होयबा धाकट्याला म्हणाला, मनावर घेऊ नकोस, धंदा आहे, आपल्याला काय नवीन आहे का हे. धाकटा म्हणाला, मला कळतं दादा. आणि खरंच त्याला कळत होतं. इतकी वर्षं तोही शेजारी उभा राहून हेच हो म्हणत आला होता. होयबाला हायसं वाटलं. घरी जाऊन तो पोटभर जेवला आणि बायकोला हसत हसत सगळा प्रसंग सांगितला. ती हसली नाही. ती म्हणाली, ‘‘पोरीसमोर बोललात?’’ एवढंच म्हणाली आणि भांडी आवरायला उठली.

दुसऱ्या दिवसापासून धाकटा स्वतःचा डबा स्वतःच आणू लागला. चिमणीला अभ्यास आहे म्हणाला. होयबा रोज दुपारी दाराकडे बघायचा आणि विचारायचं टाळायचा. त्याच आठवड्यात धाकट्याच्या गल्लीतल्या भिंतींवर कोणीतरी रंगानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं की परत जा. घरमालकानं खोली रिकामी करायला सांगितली. माझ्या मनात काही नाही, पण दिवस वाईट आहेत, असं म्हणाला. धाकट्यानं दुसरी खोली शोधली. जिथे जाईल तिथे खोली नुकतीच गेलेली असायची. शेवटी एका सकाळी तो होयबाला म्हणाला, ‘‘दादा, गावी जातो. मतदान होईपर्यंत थांबायची बायकोची तयारी नाही.’’

जाऊ नकोस, असं होयबाच्या तोंडात आलं होतं. माझ्या घरी राहायला या, असंही आलं होतं. पण समोरच्याला नाही म्हणायची जिभेला सवय नव्हती आणि धाकट्यानं तर जातो म्हणून सांगितलं होतं. होयबा म्हणाला, ‘‘बरं.’’ हे एक बरं त्याला पुढे फार जड गेलं.

बायकोनं मात्र त्या रात्री त्याला बसू दिलं नाही. आयुष्यभर गप्प बसलात, आता तरी जा आणि त्यांना घेऊन या, आपली आतली खोली रिकामी पडली आहे, असं सांगून तिनं सकाळी त्याला घराबाहेर काढलं. होयबा गेला तेव्हा खोलीत बोचकी बांधून झाली होती. धाकटा गाडीची सोय बघायला गेला होता. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, बसा म्हणाली आणि स्टोव्ह पुसून खोक्यात ठेवू लागली. होयबानं तिला आतल्या खोलीचं सांगितलं. ती म्हणाली, वहिनींचे उपकार आहेत, पण आता मन लागायचं नाही.

चिमणी एका बोचक्यावर बसली होती. होयबा तिच्यासमोर उकिडवा बसला.

‘‘चिमणे, मी त्या दिवशी बोललो ना, ते खरं नव्हतं. गिऱ्हाईक चिडलं की वस्तरा लागतो. म्हणून त्याला हो म्हणायचं असतं.’’

‘‘मला बाबांनी सांगितलं,’’ ती म्हणाली.

‘‘मग? अजून राग आहे?’’

तिनं मान हलवली. राग नव्हता. काही तरी अडलं होतं, जसं शाळेतलं गणित अडतं. तिनं विचारलं, ‘‘मग खरं काय असतं, ते तुम्ही कोणाला सांगता?’’

होयबा आठवू लागला. बायकोला? तिलाही हो. धाकट्याला? त्याला तर कालच बरं म्हणून झालं होतं. त्यानं खूप आठवून पाहिलं आणि त्याला एकही माणूस सापडला नाही. तो तसाच उठला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून आला. वाटेत त्याला रडू आलं. बाजारात लोक बघत होते, पण त्याला ते थांबवता येईना.

धाकटा गेला. दुसऱ्या खुर्चीवर होयबानं टॉवेल टाकून ठेवला. आया पोरांना घेऊन यायच्या, तो कुठे गेला म्हणून विचारायच्या आणि चुकचुकायच्या. त्यांच्यातल्याही किती जणींच्या घरावर बाहेरच्यांना घालवू म्हणणाऱ्या पक्षाचा झेंडा होता, ते होयबाला माहीत होतं. पोरं त्याच्या हाताखाली रडायची.

मतदानाच्या दिवशी तो सकाळीच शाळेत गेला. वर्गासमोर लांब रांग होती. रांगेत निम्मी त्याचीच गिऱ्हाइकं, त्याच्याच हातच्या दाढ्या, त्याच्याच हातचे कल्ले. पुढे मुकादम उभा होता. त्यानं मागे वळून डोळा मिचकावला आणि विचारलं, मत आपलंच ना?

‘‘नाही,’’ होयबा म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. ‘‘नाही. तुम्ही माणसं घालवता. माझा माणूस घालवलात. माझं मत तुम्हाला नाही.’’

मुकादम खो खो हसला. त्यानं मागच्यांना सांगितलं, होयबा आज फॉर्मात आहे. रांग हसायला लागली. कोणीतरी पाठीवर थाप मारली. होयबा तिसऱ्यांदा म्हणाला, मी थट्टा करत नाही, तर आणखी हशा पिकला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून त्यांनी नाही ऐकलंच नव्हतं, मग ते खरं आहे हे त्यांना कळणार कसं?

त्यानं मत दिलं. बाहेर येऊन शाळेच्या कुंपणाशी उभं राहून धाकट्याला फोन लावला. फोन चिमणीनं उचलला. बाबा कामावर गेलेत म्हणाली. काम मिळालं का, असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, हमालीचं मिळालं.

‘‘चिमणे, आज मी खरं सांगितलं,’’ होयबा म्हणाला. ‘‘सगळ्यांसमोर. रांगेत.’’

मग तिचा आवाज एकदम जुना, बाकावरचा झाला. ‘‘मग काका, आता आम्ही परत येऊ?’’

होयबानं समोर पाहिलं. मुकादम मत देऊन बाहेर आला होता आणि चारचौघांना मघाचा किस्सा नक्कल करून सांगत होता. शाळेच्या कुंपणावर रंगानं तेच ‘परत जा’ लिहिलेलं होतं. ज्यानं जन्मभर येईल त्याला हो म्हटलं, त्याच्याकडे आज ही पोर मनापासून एक हो मागत होती.

‘‘काका?’’ ती म्हणाली.

ती बराच वेळ फोन धरून राहिली. मग तिनेच तो ठेवला.