पुतळाबाईचा दगड

भिवंडीतल्या कामतघरच्या किराणा दुकानदाराला एक कोडं बरीच वर्षं सुटलेलं नव्हतं. दाजी केणे दर महिन्याला काळ्या बूटपॉलिशच्या चार डब्या घेऊन जात, आणि त्यांच्या पायांत बूट कोणी कधी पाहिलेला नव्हता. स्वतःच्या लग्नातसुद्धा दाजी चपलेवरच आले होते, असं त्या लग्नाचे उरलेसुरले साक्षीदार सांगत. मग एवढं पॉलिश जात होतं कुठे?

ते मेलेल्या माणसांना लागत होतं.

दाजी म्हणजे साठी ओलांडलेला, पोटाने पुढे आणि केसांनी मागे सरकत चाललेला आगरी माणूस. बापजाद्यांच्या भातशेतीवर आता लूमचे गाळे उभे होते आणि ते भाड्याने दिलेले होते. त्यामुळे दाजींना काम असं उरलं नव्हतं आणि दुपारची झोप येत नव्हती. अशा माणसाने राजकारणात पडावं किंवा क्रिकेटची टीम काढावी, असा कामतघरचा रिवाज. दाजी पडले ते दगडांत.

झालं असं, की वाडा तालुक्यातल्या एका गावात ते पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. विहिरीवर धुण्याच्या दगडावर बसून पाय धुताना बोटांना दगडाच्या खालच्या अंगाला काहीतरी लागलं. चाचपून पाहिलं तर घोड्याचं तोंड. दाजींनी चार माणसं बोलावून दगड उलटा केला. तो वीरगळ होता. पूर्वी लढाईत किंवा दरोड्यात गावासाठी कोणी मेला, की त्याच्या आठवणीचा असा दगड उभा करत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तो. "खाली मारामारी, मध्ये प्रवास, वर आराम," असं दाजी पुढे सगळ्यांना समजावून सांगू लागले. त्या दिवशी मात्र ते मुलीकडे न बघता दोन तास त्या घोड्याकडेच बघत बसले. सोयरीक मोडली. छंद जडला.

दगडांचे ठसे घ्यायची रीत त्यांनी स्वतःच बसवली. लूमवरून उतरलेलं कोरं, न धुतलेलं कापड भिवंडीत ग्रे म्हणून ओळखलं जातं. गाळ्यांतून त्याचे तुकडे हवे तेवढे मिळत. ते दगडावर ताणून सुतळीने बांधायचं आणि चिंधीच्या बोळ्याने वरून बूटपॉलिश घासायचं. उठलेला भाग काळा होतो, खोल भाग पांढरा राहतो, आणि पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस मिशांसकट कापडावर उतरतो. शेंदूर लावलेल्या दगडाला दाजी हात लावत नसत. बाकीच्यांना आधी नारळ, मग पॉलिश.

अडचण एकच होती. ठसे वाढत गेले आणि त्यांच्या पत्नीला, हौसाबाईंना, घरात ठशांच्या कापडाचा एवढा ढीग बघवेना. त्यांनी त्याच्या चादरी केल्या. एका दिवाळीत जावई मनोजराव मुक्कामाला आले आणि सकाळी उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या बनियनच्या पाठीवर तलवार उपसलेला घोडेस्वार उमटला होता. मनोजराव तसेच खाली चहाला आले. सून करिष्मा हसू दाबत चहा तसाच ठेवून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दाजींना धर्माचं वावडं नव्हतं, मेलेला असला की पुरे. निजामपुऱ्याकडच्या एका जुन्या कब्रस्तानातही ते जात. तिथल्या कबरींवरची अक्षरं वाचता यावीत म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी रखवालदार चाचांकडून उर्दू मुळाक्षरं गिरवून घेतली. अमक्याचा मुलगा तमका, अमुक साली गेला, इतकं त्यांना लावता येऊ लागलं. एकदा काम चालू असताना चाचांनी विचारलं, "दाजीसेठ, आपके वालिद किधर हैं?"

वडिलांच्या अस्थी जिथे सोडल्या होत्या, त्या खाडीच्या दिशेने दाजींनी बोट केलं. "पानी में."

"और वालिदा?"

"वो भी उधरीच."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "तो आप मिलने किधर जाते हो?"

दाजींनी पॉलिशची डबी बंद केली. ते घरी आले आणि कधी नव्हे ते न जेवता झोपले.

आपल्यात माणसाला दगड मिळतो तो दहा दिवसांचा. चितेभोवती फिरवलेलं मडकं ज्या खड्याने फोडायचं, तोच पुढे जीवखडा. गेलेल्याचा जीव त्यात राहतो असं मानून त्याला दहा दिवस सांभाळायचं, दहाव्याला त्याच्यापुढे पिंड ठेवायचे आणि कावळा शिवला की खडा पाण्यात सोडायचा. त्यावर नाव नाही, गाव नाही. दाजींना हे आता सहन होईना. आणि घरात तर पुतळाबाई होत्या.

पुतळाबाई ही दाजींची थोरली बहीण, त्यांची बाय. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला तशी माहेरी परत आली आणि आईवेगळ्या पाच वर्षांच्या दाजीला तिने काखोटीला मारलं, ते मोठा होईपर्यंत खाली ठेवलं नाही. आता ती ऐंशीच्या आसपास होती आणि अजून पाट्यावर मसाला वाटत होती. करिष्माने आणलेल्या मिक्सरकडे ती पाहुण्याकडे बघावं तशी लांबूनच बघायची.

दाजी हात काळे करून परत आले, की तिचा प्रश्न ठरलेला. "काय रं, आज कोन कोन हजर व्हता?"

"चौदा जन, बाय. एक तर दोनशे वर्सांचा जुना."

"जेवला का तो? न्हाय ना? मग तू तरी जेव."

चाचांच्या प्रश्नानंतर एकदा दाजी पाट्याशेजारी जाऊन बसले. "बाय, मी तुजं नाव दगडावर कोरून घेनार हाय. संगमरवरी."

बायने वरवंटा थांबवला नाही. "माज्या नवऱ्याने कवा माजं नाव घेतलं न्हाय, त्यो दगड काय घेनार? दहा दिस पुरे मला. मग मला सोड. तुज्या त्या ठशांच्या कपाटात कोंडून ठेवू नको. त्यात झुरलं हायत." मग तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "सोडशील ना?"

दाजींनी मान हलवली. ती होकाराची की मानेवरची माशी उडवायची, ते त्यांनी बायला कळू दिलं नाही.

दोन हजार सहा सालच्या थंडीत बाय गेली. दुपारी ओसरीवर उन्हात बसली होती, तशीच कलंडली. दाजींनीच अग्नी दिला. काळा खडा, मधोमध पांढरी रेघ असलेला, हौसाबाईंनी फडक्यात बांधून पडवीच्या खुंटीला टांगला. दहा दिवस दाजी येता-जाता त्याच्याशी बोलत होते. दहाव्याला खाडीवर जाताना मात्र त्यांनी असं एक काम केलं, जे कामतघरात कोणी केल्याचं ऐकिवात नाही. वाटेतला एक तांबूस खडा त्यांनी फडक्यात घातला आणि बायला बंडीच्या खिशात टाकलं.

पिंड मांडले. दाजींचा हात खिशावर होता. बाय आता नक्की अडून बसणार, कावळा येणार नाही, भटजी विचारतील, कोणाची काय इच्छा राहिली, आणि सगळ्यांदेखत आपल्याला खिसा उलटा करावा लागणार. पण दोन मिनिटं झाली नाहीत तोच एक भलामोठा कावळा उतरला आणि मागे काही बाकी न ठेवता खाऊन गेला.

"बायचं मन कुठं अडकलं न्हवतं बघा," जमलेले म्हणाले. "साधी बाई."

भटजींनी तो परका तांबूस खडा पाण्यात सोडला. दाजींना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्यांना मनातून कावळ्याचा राग आला.

पुढचा पंधरवडा दाजींनी कपाटाला कुलूप लावून काढला. मग धीर करून ते पाटी कोरणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याने कागद पुढे ओढला. "पूर्ण नाव?"

"पुतळा..." दाजी म्हणाले आणि थांबले. पुढे बापाचं घालायचं, की दोन वर्षांच्या नवऱ्याचं? नवऱ्याचं नाव त्यांना आठवेना. सासरी तिचं नाव बदललं होतं, तेही काय होतं कोण जाणे.

"जन्म?"

"खाडीचं पानी शेतात घुसलं व्हतं, त्या साली."

"काका, साल लागतं."

ते साल दाजींना माहीत नव्हतं. निजामपुऱ्यातला कुठला तरी सावकार कोणत्या महिन्यात गेला हे ते झोपेतून उठवलं तरी सांगू शकले असते. चौदा गावांतल्या मेलेल्यांच्या चौकशा करून ते रोज संध्याकाळी घरी येत होते, आणि तिथे बसलेल्या बाईला त्यांनी एक प्रश्न कधी विचारला नव्हता. तीच रोज विचारत होती. दाजी नंतर येतो म्हणाले आणि रस्ता ओलांडून समोरच्या बंद शटरच्या पायरीवर बसून राहिले.

घरी आले तेव्हा हौसाबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातून नजर न काढता त्या म्हणाल्या, "झाली का पाटी?"

"कसली पाटी?"

"आनि बायला कवा सोडनार हाव?"

दाजी खाली बसले. "तुला कवा कलला?"

"त्याच दिसी. काला खडा मी माज्या हातान बांधला व्हता. पान्यात परला तो तांबरा. मी काय आंधली हाय?"

"मग बोलली का न्हाय?"

"म्हटलं बगू, ह्यांना सोताला कवा वाटतं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आवाज एकदम खाली आला. "तिने सोड म्हटलं व्हतं. मी चुलीपाशीच बसले व्हते. जन्मभर तिने काय मागितलं तुमच्याकरं? त्येवराच एक."

दाजींनी कपाट उघडलं. खडा रुमालात होता, रुमाल बिस्किटाच्या डब्यात, डबा ठशांच्या वहीखाली. त्याच्यावरून एक झुरळ चालत गेलं.

दोघं रिक्षा करून खाडीवर गेली. भर दुपार होती. भटजी नव्हते, कावळा नव्हता, आणि भरती होती म्हणून हौसाबाईंनी त्यांच्या बंडीचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. दाजी गुडघाभर पाण्यात उतरले. खडा हातात तापला होता. "बाय," ते म्हणाले, "उशीर झाला." खडा किती लहान आवाज करून गेला, याचंच त्यांना आश्चर्य वाटत राहिलं.

येताना हौसाबाईंनी बोंबील घेतले. "आज मिक्सर नको," घरी आल्यावर त्यांनी सुनेला सांगितलं, मग दाजींकडे वळल्या. "अवं, तो पाटा घ्या जरा खाली."

बाय गेल्यापासून पाटा भिंतीला टेकवून उभा होता. दाजी त्याला हात घालायला वाकले आणि तसेच थांबले. संध्याकाळचं तिरपं ऊन मागच्या दारातून थेट त्याच्यावर पडलं होतं. वर्षावर्षाला छिन्नीने टाकी लावून घेतलेल्या त्या दगडाच्या कडांना अजून बारीक टिंबं होती, पण मध्ये ती झिजून गेली होती आणि वाटताना दाराकडे येणाऱ्या टोकाला एक खळगा पडला होता, होडीच्या तळासारखा, उजवीकडे कललेला. बायचं उजवं मनगट तरुणपणी बांधावरून पडून मोडलं होतं आणि वाकडं बसलं होतं. वाटताना तिचा जोर तिकडेच जायचा. पन्नास-साठ वर्षं ती तिथे बसून स्वतःचा दगड कोरत होती, आणि दाजी शेजारी बसून बोंबील खात होते.

दाजी काही न बोलता कपाटाकडे गेले आणि कोरं कापड, सुतळी, पॉलिशची नवी डबी घेऊन आले.

"वाटनाचा पाटा हाय तो," हौसाबाई म्हणाल्या. "त्याला बूटपालिस लावलात, तं आज तुमाला घोरेस्वारच वारीन ताटात."

"कापरावर लावतो. दगराला लागनार न्हाय."

त्यांनी पाट्यावर कापड ताणलं आणि हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. कडेची टिंबं काळी होत उठली. मधे, दाराकडच्या बाजूला, पॉलिश टेकेचना, आणि वाकड्या मनगटाची ती होडी पांढरीशुभ्र तशीच राहिली. करिष्मा बोंबील साफ करायचे सोडून बघत उभी राहिली.

"बायच हाय," ती म्हणाली.

हौसाबाई बाजूला बसल्या होत्या. त्यांनी ओल्या बोटाने दुसरं टोक दाखवलं. "आनि ह्यो?"

चुलीकडच्या टोकाला आणखी एक पांढरा डाग होता. लहान, गोल, सरळ.

"ह्यो काय?" दाजींनी विचारलं.

"बाय दाराकरं बसायची. मी कुठं बसायचे?"

दाजींनी वर बघितलं. चाळीस वर्षं समोर बसलेली बाई समोर बसली होती. हाताला मसाल्याचा वास, कपाळावर घाम, आणि आता कधी नव्हे ती थोडी लाजलेली. दाजींनी पॉलिशचा बोळा खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि ठशांची वही उघडली. नवीन पान काढलं.

"तुजा जन्म कवाचा?"

"आता कशाला? मी काय मेले हाय?"

"म्हनूनच इचारतो."

हौसाबाईंनी पाट्यावरचं कापड नीट घडी घालून सुनेकडे दिलं. "हे वर ठेव. ह्याच्यावर जावयाला निजवायचं न्हाय." मग पदर खोचून त्या पाट्याशी, चुलीकडच्या टोकाला बसल्या आणि वरवंटा हातात घेतला.

"लिवा," त्या म्हणाल्या. "आयस सांगायची, ज्या साली आमची गाय नारपोलीच्या तलावात बुरली, त्या सालची मी. श्रावन व्हता."

"श्रावन," दाजींनी लिहिलं. "सोमवार का मंगलवार?"

"ते गायीला इचारा," हौसाबाई म्हणाल्या, आणि वाटायला लागल्या.