शनिवारचा कागद

परबसर डंपरच्या केबिनमध्ये चालकाशेजारी बसत आणि गाडी सुरू झाली की डोळे मिटून घेत. नव्या चालकांना वाटे, म्हातारा झोपला. मग चढावर कुणी गिअर टाकायला जरा उशीर केला की मिटल्या डोळ्यांनीच आवाज येई, "उशीर झालो." बाकी काही नाही. खाली उतरल्यावर एकच चूक सांगत आणि चालू लागत. आणखी विचारलं तर उद्यावर ढकलत, "एका पाळीक एकच. दुसरी फाल्यां सांगतलंय."

मी तेव्हा सुर्ल्याच्या लोहखनिजाच्या खाणीवर प्रशिक्षण विभागात कारकून होते. सर पेडण्याचे. रोज मोटरसायकलवरून येत आणि त्यांच्या टोपीवर, भुवयांवर तांबडी धूळ बसलेली असे. चालकाचं काम सुधारणं ही त्यांची नोकरी, आणि त्या नोकरीची हद्द त्यांनी पक्की आखून घेतली होती. कुणी घरची अडचण सांगू लागला तर ते हात वर करत. "माका तुझो स्वभाव नको, तुझो हात दाखय." हे कानाला कठोर वाटे, पण माणसं त्यांच्यावर जीव टाकत, कारण त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाचं काम खरोखर सुधारत असे. शिरगावचा सगुण गावस हा त्यांचा सर्वांत लाडका. "ह्याचो हात बघ," ते मला म्हणत, "गाडयेक कळता, कोण बसलो आसा तो."

मग सरकारी बंदी आली आणि खाणी बंद झाल्या. थोड्या दिवसांसाठी, असं आधी सांगितलं. तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि शेवटी सांगायलाही कुणी उरलं नाही. मी म्हापशाला एका खाजगी प्रशिक्षण संस्थेत लागले. तिथे 'लाइफ कोच' तयार करण्याचा वर्ग चाले, सात रविवारांचा. खाणीवरच्या बेकार माणसांना मार्गदर्शन करण्यासाठी संस्थेला ओळखीचं, मानाचं माणूस हवं होतं. मीच सरांचं नाव सुचवलं.

सरांनी सात रविवार इमानाने वही भरली. प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी मला विचारलं, "बाय, ह्यां आनी आमी करीत होतंव तां, ह्यात फरक काय गो?"

"माणूस तोच, सर," मी म्हटलं. "तिथे गाडी होती, इथे आयुष्य."

त्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं.

सगुण संस्थेत सरांकडे आला तो शनिवारी. कपडे नीट, दाढी केलेली. खुर्चीत न बसता उभाच राहिला. "सर, सकाळी उठान खंय जावचां तांच कळणा ना."

सरांनी त्याला बसवलं, कोरा कागद घेतला आणि पट्टीने रकाने आखले. साडेपाचला उठायचं. चालायला जायचं. दिवसाला तीन ठिकाणी कामाची चौकशी करायची, ठिकाणाचं नाव आणि मिळालेलं उत्तर लिहायचं. दर शनिवारी कागद आणून दाखवायचा. सगुणने तो घडी करून खिशात ठेवला आणि जाताना नव्या चालकासारखी मान हलवली.

पुढचे सहा शनिवार तो आला. कागद पूर्ण भरलेला, एकही रकाना रिकामा नाही. डिचोलीचं गॅरेज, साखळीचं गोदाम, म्हापशाची वाहतूक कंपनी. सर एक दुरुस्ती सांगत, "चौकशी करताना आधी लायसन दाखय," आणि दुसरी पुढच्या शनिवारवर ठेवत. तो गेला की कागद माझ्यापुढे धरत. "बघ बाय. हात अजून तसोच आसा."

त्यानंतरच्या शनिवारी सगुण आला नाही. बुधवारी तो बंद खाणीच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात सापडला.

आम्ही दोघं शिरगावला गेलो. ओसरीवर माणसं जमली होती. सगुणची बायको सुनीता आतून बाहेर आली आणि सरांसमोर बसली. तिचा आवाज चढला नाही, हे मला त्या दिवसातलं सर्वांत अवघड वाटतं.

"ते खंयच जायत नासले, सर," ती म्हणाली. "रोज कपडे करून खाणीच्या गेटीकडेन जावन बसत. शुक्रवारी सांजवेळा सगळो कागद एकदाच भरीत. मी विचारलां तर म्हणत, सरांका बरां वाटूंक व्हयां."

सर मांडीवर हात ठेवून बसले होते.

"तुमी तेंका कधी विचारलात, सर? आत कसां वाटता म्हणान?"

"ना," सर म्हणाले. "विचारूंक ना."

त्यानंतर दोन शनिवार ते एकटेच तिच्याकडे गेले. तिसऱ्या शनिवारी तिने दारातच सांगितलं, तुम्ही आलात की घरात पुन्हा तो कागद येतो, आता येऊ नका. ते परत कधी गेले नाहीत.

संस्थेत त्यांनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. संचालक समजूत घालू लागले, असं एखाद्या बाबतीत होतं, पुढची तुकडी तयार आहे. सर म्हणाले, "माका ह्यां काम येणा ना. येता अशां माका वाटलां, तीच चूक." बसस्टँडवर ते माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलले. "डंपरवालो येता तेव्हा तेका खंय पोचायचां तां ठावक आसता. आपण फकत तेचो हात सुधारतंव. सगुणाक खंय पोचायचां तांच ठावक नासलां, आनी मी तेचो वेग मोजीत बसलंय. हे दोन वेगळे धंदे, बाय. एक येता म्हणान दुसरो येता अशां ना."

मीही तो 'लाइफ कोच'चा वर्ग करणार होते, पैसेही भरले होते. केला नाही. पेडणे तालुक्यातल्या एका औषध कारखान्यात लागले. पॅकिंगच्या ओळीवरच्या मुलींचा वेग आणि अचूकपणा वाढवण्याचं काम, म्हणजे सरांचा जुनाच धंदा.

सरांच्या छातीत धूळ साठली होती, असं डॉक्टर म्हणाले. शेवटच्या महिन्यांत मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाई. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागे, तरी कारखान्याचं विचारत. मी सांगितलं, रेश्मा नावाची एक मुलगी आहे, ओळीतली सर्वांत चलाख, अचानक मागे पडली. बैठक बदलून पाहिली, हाताची ठेवण बदलली, फरक नाही.

"तिका विचारलंस?"

"ते माझं काम नाही ना, सर. तुम्हीच म्हणाला होतात."

त्यांनी श्वास गोळा केला. "काम तुझां न्हय. खरां. पण विचारूक काय जाता? विचार. आनी तुका झेपणा ना जाल्यार, झेपता तेच्याकडेन धाड. मी धाडूंक ना. मी कागद दिलंय."

पुढच्या आठवड्यात ते गेले. अंत्यविधीला खाणीवरची बरीच माणसं आली होती. सुनीता आली नाही, आणि तिने यायला हवं होतं असंही नाही.

कामावर परतल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी रेश्माला बाहेर बाकावर बसवलं आणि विचारलं. तिने डबा उघडला, बंद केला. मग म्हणाली, "बाई, महिनो झालो, माका जगूचांच वाटणा ना."

माझ्या तोंडाशी दहा उपाय आले. एकही बोलले नाही. कामाची पाळी सोडून तिच्याबरोबर म्हापशाच्या इस्पितळात गेले आणि मनोविकाराच्या डॉक्टरांच्या दारापाशी तिचा नंबर येईपर्यंत बसून राहिले. ती अजून तिथे जाते. काही आठवडे बरे असतात, काही नसतात. कामावर ती अर्धाच दिवस येते.

या वर्षीच्या अहवालात माझ्या पॅकिंगच्या ओळीसमोर 'उत्पादनात घट' असं लिहिलं आहे. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घट खरी आहे, आणि खाली सही केली.