पडद्यावरच्या मॅडम

सकाळचे आठ वाजून पाच मिनिटं. दौंडात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत प्राची ओव्हाळ फळ्यावर रसायनशास्त्रातल्या टायट्रेशनची आकृती काढत होती. समोर सतरंजीवर बी.एस्सी.ची पोरं दाटीवाटीनं बसलेली. रस्त्यापलीकडे, कॉलेजच्या स्मार्ट वर्गातल्या पडद्यावरही प्राचीच हीच आकृती काढत होती. खिडकीतून तिला स्वतःचा निळा कुडता दिसत होता, आणि रिकामी बाकं.

त्या वर्गात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. मग नवा उपक्रम निघाला. वर्षभराचे सगळे तास कॅमेऱ्यापुढे घ्या, असं प्राचार्य पृथ्वीराज नलगे म्हणाले. तिनं जीव ओतून घेतले. पुढच्या जूनमध्ये तिला नेमणूकच मिळाली नाही. विचारायला गेली तर नलगे हसले. "तुमचे तास आता कायमचे झालेत, मॅडम. परत कशाला दमता?"

ते हसू ती विसरली नाही. कुरकुंभच्या कंपनीत लॅबमध्ये लागली आणि कायमची दुसरी पाळी मागून घेतली. सकाळ मोकळी हवी होती. मग कॉलेजसमोरची ही खोली घेतली. पोरांकडून ती पैसे घेत नाही. "सुडाला फी कसली," असं तिनं आईला सांगितलं. पोरं कॉलेजच्या मशीनवर अंगठा लावतात आणि रस्ता ओलांडतात. हजेरी पूर्ण, वर्ग ओस.

आज जिन्यात बूट वाजले. नलगे दारात उभे, धापा टाकत.

"मॅडम, उद्या कमिटी येतेय. स्मार्ट वर्ग बघणार. एक दिवस पोरं तिकडं बसू द्या."

"मी कुठं बांधून ठेवलीत, सर? जालिंदर, जातोस का रे?"

"न्हाई मॅडम. तिकडच्या मॅडम 'शंका?' म्हणून थांबत्यात, पर ऐकून काय घेत न्हाईत."

वर्गात खसखस पिकली. नलग्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला परत घेतो. कायम करायचंही बघतो."

याच शब्दासाठी ती त्यांच्या केबिनबाहेर कितीदा ताटकळली होती. आता तिनं त्यांना ताटकळत ठेवलं. आकृती पुरी केली, खडूचे हात झटकले.

"माझे तास कायमचे झालेत, सर. परत कशाला दमू?"

नलगे जिना उतरले. पलीकडे पडद्यावरची प्राची रिकाम्या बाकांकडे बघत थांबली होती.

कमिटी उद्या सव्वाआठला वर्ग बघणार आहे. उद्याचा तास दोन्हीकडे आठलाच आहे.