माझ्या बोरचं पाणी

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. मी चौथीपर्यंतच शिकले. पण शेजारच्या पोरीबद्दल लिहायचंय. ती बीडला पर्यावरणाचं एम.एस्सी. शिकत होती. फीसाठी मी बचत गटाचं कर्ज माझ्या नावावर काढलं होतं. सुट्टीत ती घरोघरचं पाणी तपासायला बाटल्यांत भरून न्यायची.

एकदा गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाली, “काकू, तुमच्या बोरचं पाणी पिऊ नका. लई खराब हाय.”

“घ्या! तुझ्याच पैशावर शिकली अन् तुझ्याच बोरला नावं ठेवती!” बाया हसल्या. मी मान खाली घातली, पण पोरीच्या अभिमानानं ऊर भरून आला होता.

आता तिला नोकरी लागली. परवा घरी आली, तेव्हा मी पाणी दिलं.

“कुठलं हाय?”

“तू चांगलं म्हणलीस त्या आडाचं.”

तिनं तांब्या रिकामा केला अन् उरलेलं सगळं कर्ज फेडलं.